पाहुणा मास्तर आणि घरची भाषा: फिलिपिन्समधल्या इंग्रजीची गोष्ट

‘परदेशात जा, लहान मुलांना इंग्रजी शिकवा, अनुभव नसला तरी चालेल’ अशा अर्थाच्या जाहिराती तुमच्याही नजरेस पडल्या असतील. दोन महिने, सहा महिने, वर्षभर. राहायची सोय होते, एखादा देश बघून होतो आणि चार मुलांचं भलंही होतं. मी वसाहतकालीन शिक्षणाच्या इतिहासावर पीएचडी करतोय म्हटल्यावर हा प्रश्न हमखास येतो: ‘मग असं शिकवायला जाणं चांगलं की वाईट?’

एका शब्दात उत्तर देणं इतिहासाच्या विद्यार्थ्याला जमत नाही, पण प्रश्न थोडा फिरवून विचारता येतो. ज्याला इंग्रजी बोलता येतं त्याला ती लहान मुलांना शिकवताही येते, ही समजूत मुळात आली कुठून? तुम्ही सुतारकाम शिकवायला सुताराला बोलावता, नुसत्या खुर्चीवर बसणाऱ्याला नाही. मग भाषेच्या बाबतीत असं का होतं? याचा माग काढायला फिलिपिन्सइतकी चांगली जागा नाही. तिथे अमेरिकन मास्तर एकदा नाही, दोनदा आले. मध्ये साठ वर्षं गेली.

पहिली खेप: १९०१

१८९८ च्या युद्धानंतर स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केलं. फिलिपिनो लोकांना मात्र मालक बदलायचा नव्हता, त्यांना मालकच नको होता. १८९९ च्या फेब्रुवारीत युद्ध पेटलं. ते चालू असतानाच अमेरिकन सैनिकांनी गावोगावी शाळा उघडायला सुरुवात केली आणि शिकवायलाही सैनिकच उभे राहिले. लष्करी प्रमुख आर्थर मॅकआर्थर यांनी शाळांसाठी पैसे मागितले तेही लोकांना शांत करायच्या मोहिमेचा भाग म्हणून. हे नीट लक्षात घ्या. त्या कागदात शाळा शिक्षणखात्याच्या नाही, लष्कराच्या हिशेबात बसते.

२१ जानेवारी १९०१ रोजी ‘कायदा क्रमांक ७४’ झाला. सार्वजनिक शिक्षणाचं खातं उभं राहिलं, शिक्षणाचा पाया इंग्रजी असं ठरलं, आणि अमेरिकेतून १,००० शिक्षक आणायला मंजुरी मिळाली. पगार महिना ७५ ते १२५ डॉलर. त्या वर्षी २३ जुलैला ‘थॉमस’ नावाचं लष्करी वाहतुकीचं जहाज सॅन फ्रान्सिस्कोहून निघालं आणि २१ ऑगस्टला मनिलाच्या उपसागरात पोचलं. त्यावर सुमारे ५०० शिक्षक-शिक्षिका होत्या. जहाजाच्या नावावरून त्यांना ‘थॉमसाइट’ म्हणू लागले. पुढे त्या काळात आलेल्या सगळ्याच अमेरिकन शिक्षकांना हे नाव चिकटलं.

ही माणसं स्वयंसेवक नव्हती, पगारी होती. पण पुढच्या स्वयंसेवकाचा साचा इथेच तयार झाला: तरुण, उत्साही, दूरच्या खेड्यात एकट्याने राहणारा, मुलांची भाषा अजिबात न येणारा. त्यांनी सोसलंही पुष्कळ. १९०२ च्या कॉलऱ्यात काही जण तिथेच गेले. आणि जहाज लागल्याला जेमतेम पाच आठवडे झाले होते तेव्हा, २८ सप्टेंबर १९०१ ला, सामार बेटावरच्या बालांगिगा गावात लोकांनी अमेरिकन तुकडीवर हल्ला करून चाळीसहून अधिक सैनिक मारले. त्याचा सूड म्हणून अमेरिकन सैन्याने सामार अक्षरशः होरपळून काढलं. एका बेटावर ए-बी-सी-डी, दुसऱ्या बेटावर जाळपोळ. ही दोन्ही चित्रं एकाच वर्षातली आहेत, ती एकत्रच ठेवून बघायला हवीत.

‘तिथे आधी शाळाच नव्हत्या’ हा दावाही तपासून घ्या. स्पॅनिश राजवटीने १८६३ मध्येच प्राथमिक शाळांचा हुकूम काढला होता. शाळा अपुऱ्या होत्या, चर्चच्या हाताखाली होत्या, पण पाटी अगदी कोरी नव्हती.

कागदावर एक, वर्गात दुसरंच

आता एक गंमत बघा. अध्यक्ष मॅकिन्ली यांनी एप्रिल १९०० मध्ये फिलिपिन्स आयोगाला ज्या सूचना दिल्या, त्यांत शिक्षण सुरुवातीला लोकांच्याच भाषेत द्यावं असं म्हटलेलं आहे. लगेच पुढे हेही आहे की, भाषा अनेक असल्यामुळे एक सामाईक भाषा हवी आणि ती इंग्रजी असलेली बरी. म्हणजे क्रम स्पष्ट होता: आधी घरची भाषा, मग सामाईक भाषा. वर्षभरात पहिला भाग गळून पडला आणि दुसरा कायदा झाला.

का गळला? इंग्रजी श्रेष्ठ ही भावना होतीच. पण एक साधं व्यावहारिक कारणही होतं. आणलेल्या शिक्षकांना तागालोग, सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन यांपैकी काहीच येत नव्हतं. पाठ्यपुस्तकंही अमेरिकेतूनच यायची. ज्या मुलाने आयुष्यात सफरचंद पाहिलं नाही, बर्फ पाहिला नाही, तो त्यांवरून अक्षरं गिरवत होता. मुलाला काय समजतं याच्याआधी मास्तरला काय येतं याचा विचार झाला. धोरण मुलाच्या मापाने बेतलं गेलं नाही, ते उपलब्ध शिक्षकाच्या मापाने बेतलं गेलं.

परिणाम कळायला २४ वर्षं लागली. १९२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले पॉल मन्रो यांच्या नेतृत्वाखाली मोठी पाहणी झाली, हजारो विद्यार्थ्यांच्या चाचण्या घेतल्या गेल्या. निव्वळ आकडेमोडीत फिलिपिनो मुलं अमेरिकन मुलांच्या फार मागे नव्हती. जिथे इंग्रजी वाचून समजून घ्यायचं, तिथे मात्र ती कितीतरी मागे पडत होती. त्यातही बहुसंख्य मुलं चौथीच्या पुढे जातच नव्हती. तेवढ्या तीन-चार वर्षांत धड इंग्रजी येत नसे, आणि इंग्रजीच्या नादात बाकीचंही हाती लागत नसे. आणखी एक गोष्ट: तोवर शिक्षकांमध्ये अमेरिकन जेमतेम एक-दोन टक्के उरले होते. इंग्रजी शाळांचं ओझं फिलिपिनो शिक्षकच वाहत होते, अमेरिकन शिक्षकांपेक्षा कितीतरी कमी पगारावर.

इलोइलोचा प्रयोग

या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता माणूस आता येतो. होसे आगिलार. हे इलोइलो प्रांताचे शाळा-अधीक्षक. १९४८ पासून त्यांनी काही शाळांमध्ये पहिली-दुसरी पूर्णपणे हिलिगायनोनमध्ये, म्हणजे मुलांच्या घरच्या भाषेत शिकवली आणि तुलनेसाठी काही वर्ग इंग्रजीतच ठेवले. हिलिगायनोनवाली मुलं वाचन, गणित, समाजशास्त्र यांत पुढे गेली. तिसरीत इंग्रजी माध्यम सुरू झाल्यावर, आधी जे शिकलं ते थोड्याच काळात इंग्रजीतही सांगू लागली. म्हणजे घरच्या भाषेत घालवलेली दोन वर्षं ‘वाया’ गेली नव्हती, ती पुढे कामीच आली.

हा प्रयोग वाऱ्यावर सोडला गेला नाही. १९५७ पासून फिलिपिन्सभर पहिली-दुसरी स्थानिक भाषेत आणि तिसरीपासून इंग्रजी असं धोरण लागू झालं. स्वतंत्र झालेल्या देशाने, आपल्याच एका अधिकाऱ्याच्या कामावरून, आपल्या मुलांसाठी घेतलेला निर्णय.

आणि चारच वर्षांनी दुसरी खेप आली.

दुसरी खेप: १९६१

१ मार्च १९६१ रोजी अध्यक्ष केनेडी यांनी ‘पीस कोर’ स्थापन केलं. तरुण अमेरिकनांनी दोन वर्षं गरीब देशांत जाऊन, तिथल्या लोकांसारखं राहून काम करायचं. राहण्या-खाण्यापुरता भत्ता, आणि परतल्यावर हाती यावेत म्हणून दरमहा ७५ डॉलर बाजूला. (हा आकडा आधी कुठे वाचला ते आठवलं का? थॉमसाइटांचा किमान पगार. साठ वर्षांत त्या ७५ ची किंमत अर्थातच पुष्कळ घसरली होती.)

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिली तुकडी फिलिपिन्सला पोचली. बहुतेक जण नुकतेच पदवीधर झालेले. काम काय? खेड्यांतल्या प्राथमिक शाळांमध्ये इंग्रजी आणि विज्ञानासाठी ‘शिक्षक-मदतनीस’. या शब्दातच सगळी अडचण आहे. फिलिपिन्समध्ये प्रशिक्षित शिक्षक होते, त्यांच्या नोकरीवर गदा येता कामा नये. म्हणून स्वयंसेवकाला वर्ग द्यायचा नाही, फक्त ‘मदत’ करू द्यायची. पण वीस वर्षं शिकवलेल्या बाईंना बावीस वर्षांच्या पोराने, ज्याने कधी खडू हातात धरला नाही, मदत करायची म्हणजे नक्की काय करायचं? हे वॉशिंग्टनमध्ये कोणी ठरवलं नव्हतं आणि मनिलातही नाही.

त्या बाईंनी काय केलं असेल, तुम्हीच सांगा. आपल्याकडे केलं असतं तेच. पाहुण्याला खुर्ची दिली, खाऊ घातलं, समारंभात पुढे बसवलं. फिलिपिनो समाजात ‘हिया’ नावाची गोष्ट आहे. आपल्या ‘भीड’ या शब्दाच्या ती बरीच जवळ जाते. समोरच्याला तोंडावर ‘नको’ म्हणायचं नाही, चारचौघांत कोणाची शोभा होऊ द्यायची नाही. स्वयंसेवक चुका दाखवू लागला की बाई हसून ‘हो’ म्हणत आणि आपल्याच पद्धतीने शिकवत. स्वयंसेवकाला वाटे, हे लोक मनातलं बोलत नाहीत. बाईंना वाटत असेल, याला एवढंही कळत नाही?

याच तुकडीत डेव्हिड स्झँटन होते. पुढे ते मानववंशशास्त्रज्ञ झाले आणि या अनुभवाचं विश्लेषण त्यांनी लिहून ठेवलं. त्यांच्या मते स्वयंसेवक ‘काम’ करायला आले होते आणि गाव त्यांच्याशी ‘नातं’ जोडू पाहत होतं. कामाचा हट्ट सोडून जे माणसांत मिसळले, भाषा शिकले, त्यांना गाव कळलं. स्झँटन यांनी नंतर इलोइलो प्रांतातल्याच एस्टान्सिया या मासेमारीच्या गावाचा अभ्यास केला. शिकवायला गेलेला माणूस शिकून परतला, असं याचं सार. चांगलंच आहे ते. फक्त मग हिशेब मांडताना शिक्षण कोणाचं झालं, हेही लिहायला हवं.

त्याच वर्षी, युगांडात

१९६१ च्याच जानेवारीत युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुलातल्या देशांची इंग्रजी-अध्यापनावर परिषद झाली. तिथल्या विचाराचं सार भाषातज्ज्ञ रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये पाच सूत्रांत मांडलं, आणि पाचही चुकीची ठरवली. इंग्रजी फक्त इंग्रजीतूनच शिकवावी. जिची ती मातृभाषा आहे अशी व्यक्तीच आदर्श शिक्षक. जितक्या लवकर सुरुवात तितकं बरं. जितकी जास्त इंग्रजी तितकं बरं. दुसऱ्या भाषा वापरल्या तर इंग्रजीचा दर्जा घसरतो.

आता सुरुवातीची जाहिरात पुन्हा वाचा. ‘अनुभव नसला तरी चालेल’ हे वाक्य यातल्या दुसऱ्या सूत्रावर उभं आहे. तिसरं सूत्र तर आपल्या घरातलंच. महाराष्ट्राने २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली, तेव्हाच्या वादात ‘लवकर’ हा शब्द किती वेळा आला ते तेव्हाच्या पालकांना विचारा. मी इंग्रजीच्या विरोधात नाही. फिलिपिन्समध्येही इंग्रजीने अनेकांना रोजगार दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न इंग्रजी हवी की नको हा नाही. सहा वर्षांच्या मुलाचं पहिलं वाचन कोणत्या भाषेत, आणि ते ठरवणार कोण, हा आहे.

एक गोष्ट पद्धतीबद्दल. स्वयंसेवकांची पत्रं, डायऱ्या, आठवणी पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंचं लिखाण फार थोडं, आणि बाकावरच्या मुलाचं जवळजवळ नाहीच. त्यामुळे ही गोष्ट वाचताना आपण नकळत पाहुण्याच्या डोळ्यांनी वर्ग बघतो. इतिहासकाराचं निम्मं काम म्हणजे ती नजर फळ्याकडून बाकांकडे वळवणं.

मग जायचं की नाही?

तुम्ही जाणार असाल तर निघण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या. तुम्हाला बोलावलंय कोणी: शाळेने, की मधल्या संस्थेने? तुम्ही ज्या जागी उभे राहणार, तिथे पगारावर एखादा स्थानिक शिक्षक उभा राहिला असता का? मुलं घरी कोणती भाषा बोलतात, आणि ती शिकायची तुमची तयारी आहे का? तुम्ही परतल्यावर तो वर्ग कोण चालवणार? १९०१ ला हे प्रश्न कोणी विचारले नाहीत. १९६१ ला विचारले, पण अर्धेच. आगिलार यांच्या जिल्ह्यात मात्र चारही प्रश्नांची उत्तरं तयार होती, कारण तिथे बाहेरून कोणी आलंच नव्हतं.

जाता जाता. २००९ मध्ये फिलिपिन्सच्या शिक्षण खात्याने मातृभाषेतून शिक्षणाचा आदेश काढला. त्या वर्षीच्या आदेशांत त्याचा क्रमांक होता ७४. एका ७४ ने घरची भाषा वर्गाबाहेर काढली होती, दुसऱ्या ७४ ने १०८ वर्षांनी ती आत आणली. २०१३ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दुसऱ्या एका कायद्याने ती सक्ती काढून घेतली, माध्यम पुन्हा फिलिपिनो आणि इंग्रजी. शिक्षक पुरेसे तयार नाहीत, पुस्तकं पुरेशी नाहीत, ही कारणं त्या चर्चेत ठळक होती. म्हणजे पुन्हा तेच: जे उपलब्ध आहे त्याच्या मापाने मुलाला बेतायचं.

पुढच्या लेखात आगिलार यांच्या प्रयोगातले वर्ग आतून कसे चालायचे ते सविस्तर बघू.