देवी आल्या, देवी गेल्या

आपण मराठी माणसं दिवा विझवत नाही, मालवतो. बांगडी फुटत नाही, 'वाढते'. दुकानदार रात्री दुकान बंद करत नाही, 'वाढवतो'. आणि घरातून निघताना 'जातो' नाही, 'येतो' म्हणायचं! अशुभ तोंडातून गेलं की खरं होतं, ही यामागची भीती.

या भीतीचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे 'देवी'. दहांतल्या साधारण तिघांचा जीव घेणारा रोग, आणि नाव काय, तर देवी! आपल्याकडे 'देवी आल्या', उत्तरेत 'माता' आली. आता घरी देवी आली म्हटल्यावर तिला रोग कसं म्हणणार? कडुनिंबाचा पाला ठेवायचा, ती कोपू नये म्हणून जपायचं. यात एक बरं होतं, आजाऱ्याची किळस न करता सेवा व्हायची. पण औषध करणं म्हणजे काहींना देवीचा अपमान वाटायचा.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली लस टोचली गेली. गंमत म्हणजे मराठीने या नव्या उपायालाही जुनंच नाव चिकटवलं, 'देवी काढणे'.

पण नावाने रोग जात नाही. १९७४ च्या पहिल्या पाच महिन्यांत भारतात सुमारे १५,००० माणसं देवीने गेली. तेव्हा घरोघर शोधमोहीम चालू होती आणि काही घरांत रोगी लपवले जात. मग कार्यकर्ते फोडांनी भरलेल्या मुलाचं चित्र दाखवून विचारायचे, असं कुणी पाहिलंय का? चित्रापुढे गोड नाव चालत नाही. पुढे रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीसही ठेवलं. मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण सापडला. १९८० साली जग देवीमुक्त जाहीर झालं.

मला वाटतं, गोड शब्द कुणाला जपतो हे बघावं. 'देवी आल्या' म्हणणारी आई लेकराला जपत होती. माणसांना कामावरून काढून त्याला 'राइटसायझिंग' म्हणणारा साहेब फक्त स्वतःला जपतो.

असो. पुढच्या वेळी मेलमध्ये असा शब्द दिसला, तर एवढंच विचारा, याचं चित्र काढलं तर त्यात काय दिसेल?