बुद्धिबळ (देशी पद्धत)

बुद्धिबळ : ६४ घरांच्या पटावर दोघांनी खेळायचा बैठा खेळ. प्रत्येकाकडे राजा, वजीर, दोन हत्ती, दोन घोडे, दोन उंट व आठ प्यादी अशी १६ मोहरी असतात. हत्ती सरळ, उंट तिरपा, वजीर दोन्ही तऱ्हांनी आणि घोडा अडीच घरे चालतो. राजाला सुटका नसलेला शह बसला की मात होते. ‘बल’ म्हणजे सैन्य, हा अर्थ धरून काही अभ्यासक नावाची फोड ‘बुद्धीचे सैन्य’ अशी करतात. बोलण्यात ‘बुद्धीचे बळ’ हाच अर्थ रूढ आहे. आंतरराष्ट्रीय नियम कोठेही सहज मिळतात, म्हणून येथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात खेळल्या गेलेल्या देशी पद्धतीला अधिक जागा दिली आहे. ती पद्धत म्हणजे आजच्या खेळाचे कच्चे रूप होय, असा समज आहे. तो टिकणारा नाही. देशी खेळाचे उद्दिष्टच वेगळे होते.

देशी डावात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरकते. किल्लेकोट (राजा व हत्ती यांची एकत्र चाल) नाही, त्याऐवजी शह बसला नसेल तोवर राजाला एकदा घोड्याची चाल मिळते. खरा फरक डावाच्या शेवटी दिसतो. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे हवे ते मोहरे होत नाही. ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोचले तेच ते होते, आणि तेही आपले तसे मोहरे आधी मेले असेल तरच. राजाच्या घरात पोचलेल्याचा वजीर होतो. घोड्याच्या घरात पोचून घोडा झालेल्या प्याद्याला काही ठिकाणी लगेच एक उडी मिळत असे. आता समजा, उंटापुढचे प्यादे घोड्याच्या पट्टीतले मोहरे मारू शकते. आजचा खेळाडू त्यात मोहऱ्याचा फायदा पाहील. देशी खेळाडूला त्या प्याद्याचे पुढचे भवितव्यही तेथेच ठरवावे लागे, कारण मारताना पट्टी बदलली की पुढे होणारे मोहरेही बदलते. शिवाय प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला तर पूर्ण जीत मिळत नसे. काही ठिकाणी ती अर्धी जीत, काही ठिकाणी बरोबरी. म्हणून वरचढ खेळाडूला समोरचे एखादे मोहरे मुद्दाम जिवंत ठेवून मात करावी लागे, आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची. मारामारी करून पट मोकळा करणारा येथे फसतो. अशा खेळाला संथ म्हणता येईल, अप्रगत म्हणता येणार नाही.

दख्खनमधील या खेळाचा लेखी पुरावा बराच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ (सु. ११३०) या ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये चतुरंगाचे वर्णन येते. गोदाकाठच्या पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टाने सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ रचला. त्याच्या ‘नीतिमयूख’ भागात या खेळाचे नियम आहेत आणि घोडा सर्व ६४ घरांतून एकेकदाच फिरवून परत मूळ जागेच्या टप्प्यात आणण्याची रीतही आहे. ग्रंथ काशीकडचा, त्यावरून पैठणचा खेळ कसा ठरवावा, अशी हरकत निघेल. ती रास्त आहे. पैठणचे नियम त्यावरून ठरत नाहीत. पण दक्षिणी पंडितांच्या घराण्याने हा खेळ राजनीतीच्या ग्रंथात नोंदवण्याजोगा मानला, इतके नक्की ठरते. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांनी संस्कृतात ‘विलासमणिमंजरी’ हा डावांचा ग्रंथ रचला. त्याचे इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले, आणि हे डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतले आहेत असे त्याच्या मुखपृष्ठावरच सांगितले आहे. जुळवून घ्यावे लागले, म्हणजे दोन पद्धती निराळ्या आहेत हे तेव्हाच्या जाणकारांना ठाऊक होते.

दुसरी हरकत अधिक वजनाची आहे : देशी नियम गावोगाव बदलत, मग त्याला पद्धत कशी म्हणायची? पण बदल होता तो घोड्याची उडी, अर्धी जीत अशा तपशिलांत. प्याद्याचे एकेक घर आणि मोहऱ्याच्या घरावरून ठरणारी बढती हा गाभा सर्वत्र जवळपास सारखा होता. देशी खेळाने तालीम कच्ची राहते, हा आक्षेप मीर सुलतान खान यांच्या उदाहरणाने बराच दुबळा होतो. पंजाबातील हा खेळाडू देशी पद्धतीतच वाढला आणि १९२९, १९३२ व १९३३ या वर्षी ब्रिटिश विजेता ठरला. त्यांची डावाची सुरुवात कमकुवत असे, हे खरे. पण शेवटच्या भागात त्यांचा हात धरणारे फार थोडे होते, आणि देशी डावाचा सगळा कस तेथेच लागतो.

देशी पद्धत मागे पडली ती स्पर्धांमुळे. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला आणि राष्ट्रीय स्पर्धांत आंतरराष्ट्रीय नियम स्थिरावले. १९५५ चे राष्ट्रीय विजेतेपद रामचंद्र सप्रे यांना विभागून मिळाले. महाराष्ट्रातील संस्थांपैकी सांगलीचे नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ चे. भाऊसाहेब पडसळगीकरांनी ते वाढवले.

महिला : पहिली राष्ट्रीय विजेती वासंती खाडिलकर (१९७४). रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला.

मराठवाडा : १९४८ पर्यंत निजामी अमल, राज्यभाषा उर्दू. शह, मात, वजीर, प्यादे हे फारसी शब्द मात्र मराठीत निजामी अमलाआधीच रुळले होते. शह-काटशह हा शब्दप्रयोग पट न पाहिलेल्या माणसाच्याही तोंडी असतो. देशी नियमांनी खेळलेली माणसे आता थोडी उरली आहेत. गंगाखेड, पैठण, नांदेड अशा गोदाकाठच्या गावांत ज्यांच्या घरी असे कोणी असेल, त्यांनी प्याद्याची बढती आणि अर्धी जीत यांचे आपल्या गावचे नियम विचारून लिहून ठेवावेत.