बाळंतपणाआधीची परीक्षा

बाळंतपण हा स्त्रीचा दुसरा जन्म, असे आपल्याकडे पूर्वापार म्हटले जाते. या म्हणण्यात तिच्या सोसण्याचा गौरव आहे, तशीच हताशताही आहे. जे दैवाधीन, त्याची चाहूल माणसाला आधी कशी लागावी? या समजुतीला तडा देणारे एक संशोधन मुंबईतच झाले.

१९२८ साली लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. गिरण्यांतून राबणाऱ्या स्त्रियांना गरोदरपणी एक विशिष्ट प्रकारचा रक्तक्षय जडे आणि कित्येक जणी त्यातच दगावत. हा रोग कोणाला होतो, हे पाहताना डॉ. विल्स यांनी त्या स्त्रियांच्या ताटात काय पडते, याचीही चौकशी केली. निकस आहार हेच रोगाचे मूळ असावे, असे त्यांना दिसून आले. यीस्टचा स्वस्त अर्क देताच रुग्ण सुधारू लागले. १९३१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्याला पुढे, १९४१ मध्ये, फॉलिक आम्ल हे नाव मिळाले.

या शोधाचे मर्म औषधापुरते नाही. निरोगी स्त्री जेवढा रक्तस्राव सोसते, तेवढाच रक्तक्षयाने खंगलेल्या स्त्रीचा प्राण घेऊ शकतो. म्हणजे संकट प्रसूतीच्या रात्री ओढवले, तरी त्याची पावले कित्येक महिने आधी उमटलेली असतात. कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईतील मातामृत्यूंच्या कारणांची पद्धतशीर चौकशी केली. तिचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूची कारणे नोंदली गेली, की ती टाळण्याची जबाबदारीही समाजावर येते.

अशीच एक खूण रक्तात उपजतच असते. १९५८ साली शुक्ल व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेल दोषाची नोंद प्रसिद्ध केली. नागपूर आणि रायपूर हे दोन्ही जिल्हे पूर्वी एकाच मध्यप्रांतात होते. दोन्हीकडील अनेक समाजांत हा दोष आढळतो. ज्या स्त्रीला हा आजार असतो, तिच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबवितात. गरोदरपणी हा धोका वाढतो. रायपूरच्या शंकरनगरातील असो वा दूरच्या पाड्यावरील, रक्ताची साधी चाचणी तो दोष आधीच उघड करते.

रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांचेही तसेच आहे. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेस गर्भवतींची तपासणी होते, ती याचसाठी. अर्थात, भाकीत म्हणजे हमी नव्हे. धडधाकट स्त्रीलाही अकस्मात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून प्रत्येक प्रसूती जाणत्या हातीच व्हावयास हवी. परंतु जे आधी कळू शकते, ते न पाहता दैवाला बोल लावण्याचा अधिकार आता कोणालाही उरलेला नाही.