नाकातील पॉलिपसह दीर्घकालीन सायनसदाह

नाकातील पॉलिपसह दीर्घकालीन सायनसदाह हा नाक व सायनस यांच्या अस्तराचा १२ आठवडे किंवा अधिक काळ टिकणारा दाह होय. त्यात अस्तर सुजून मऊ, द्राक्षासारखे पॉलिप वाढतात. बोलीभाषेत यास 'नाकात मांस वाढणे' म्हणतात. नाक चोंदणे व वास न येणे ही प्रमुख लक्षणे आहेत. अनेक रुग्णांना दमाही असतो.

दाहाची यंत्रणा

विषाणू, जिवाणू किंवा बुरशी यांमुळे अस्तराच्या पेशींना इजा झाल्यास त्या टीएसएलपी व इंटरल्युकिन-३३ ही संदेशवाहक प्रथिने सोडतात. त्यामुळे सक्रिय झालेल्या रोगप्रतिकारक पेशी इंटरल्युकिन-४, ५ व १३ निर्माण करतात. इंटरल्युकिन-५ मुळे इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढतात व अधिक काळ जगतात. इंटरल्युकिन-४ व १३ मुळे आयजीई प्रतिपिंडे वाढतात आणि अस्तर कमकुवत होते. इंटरल्युकिन-१३ मुळे श्लेष्माही वाढतो. कमकुवत अस्तरातून बाह्य घटक पुन्हा आत शिरतात. हे चक्र सुरूच राहिल्यास शस्त्रक्रियेने काढलेले पॉलिप पुन्हा वाढू शकतात. पूर्व आशियातील बऱ्याच रुग्णांत मात्र इओसिनोफिलऐवजी न्यूट्रोफिल पेशी अधिक आढळतात.

उपचार

स्टिरॉइडचा नाकातील फवारा हा प्राथमिक उपचार आहे. इंटरल्युकिन-४ व १३ यांचे संदेश रोखणाऱ्या ड्युपिलुमॅब या औषधास २०१९ मध्ये अमेरिकेत या विकारासाठी मान्यता मिळाली.