चोळणाऱ्या हाताची कहाणी

ठेच लागली की मनात विचार येण्याआधीच आपला हात दुखऱ्या जागेकडे धावतो. या साध्या चोळण्याला वैद्यकात कितीदा मान मिळाला आणि कितीदा विसर पडला, याचे मला मोठे नवल वाटते.

प्राचीन ग्रीसमधील हिपॉक्रटिसच्या परंपरेत वैद्याला मर्दनाची विद्या अवगत असावी, असे बजावलेले आहे. पुढे एकोणिसाव्या शतकात मात्र मोडलेले हाड आठवडेच्या आठवडे जखडून ठेवण्याचा प्रघात होता. पॅरिसचे शल्यवैद्य ल्युका-शांपियोनिएर यांनी त्याला विरोध केला आणि १८९५ च्या ग्रंथात हलक्या, न दुखवणाऱ्या मर्दनाचा पुरस्कार केला.

चोळल्याने दुखणे का शमते, याची उपपत्ती १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडली. मज्जारज्जूत वेदनेच्या वाटेवर जणू एक दार असते. स्पर्शाचे संदेश येऊन पोचले की ते लोटले जाते.

२००१ साली दक्षिण कोरियातील संशोधकांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी त्यांनी काही रुग्णांचे हात चोळले, तर त्यांची धास्ती आणि रक्तदाब उतरला.

वाचकहो, भुलीच्या औषधाने डोळा बधिर होतो, मन जागेच राहते. त्या जाग्या मनापाशी पोचायला हाताइतकी जवळची वाट मला तरी दुसरी दिसत नाही.