सेल्को इंडिया

सेल्को इंडिया : घरगुती सौरसंच विकणारी बंगळूरची खासगी कंपनी. स्थापना १९९५. संस्थापक हरीश हांडे व नेव्हिल विल्यम्स. वीज न पोहोचलेल्या किंवा बेभरवशाची वीज असलेल्या घरांत संच बसवणे व त्यांची देखभाल करणे हा मुख्य व्यवसाय. कंपनी सहसा स्वतः कर्ज देत नाही. ग्राहकाला जवळच्या बँकशाखेतून ते मिळवून देते. सामाजिक उपक्रम व बँक यांच्या संबंधाचा नमुना म्हणून तिचे महत्त्व सौरतंत्रापेक्षा या कर्जव्यवस्थेत आहे.

स्थापना : हांडे यांचे शिक्षण खरगपूरच्या आयआयटीत व अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात (लोवेल) झाले. विल्यम्स हे वॉशिंग्टनच्या ‘सोलर इलेक्ट्रिक लाइट फंड’चे संस्थापक. आरंभी विनरॉक इंटरनॅशनलमार्फत अमेरिकी साहाय्य मिळाले.

पहिली कर्जे : सुरुवातीच्या काळात कर्ज देणाऱ्यांत धारवाडची मलप्रभा ग्रामीण बँक प्रमुख होती. धारवाड व बेळगाव भागांत काम करणाऱ्या या बँकेची पुरस्कर्ती सिंडिकेट बँक. म्हैस किंवा शिलाई यंत्राप्रमाणे दिवा उत्पन्न देत नाही, मग परतफेड कशातून होणार, ही शाखांची मुख्य शंका होती. वाचणारा रॉकेलचा खर्च आणि दिवेलागणीनंतर करता येणारे काम हे तिला दिलेले उत्तर. तारण म्हणून बहुधा संचच नजरगहाण राही. दिवा बंद पडला की हप्ताही थांबतो, हे ओळखून कंपनीने ग्राहकांच्या जवळपास सेवाकेंद्रे काढली. शाखाधिकाऱ्याच्या दृष्टीने खरी हमी तीच होती.

कर्जरचना : बँका साधारणपणे किमतीच्या १५ ते २५ टक्के रक्कम ग्राहकाकडून मागत (मार्जिन मनी) व उरलेली सुमारे पाच वर्षांच्या मुदतीने देत. उदाहरणार्थ, चार दिव्यांचा संच १८,००० रुपयांचा धरल्यास १५ टक्क्यांप्रमाणे २,७०० रुपये आधी भरावे लागतात. उरलेल्या १५,३०० रुपयांवर १२ टक्के दराने महिन्याचा हप्ता सुमारे ३४० रुपये येतो. तोच ५ टक्के दराने सुमारे २९० रुपये होतो. व्याज निम्म्याहून खाली आले तरी महिन्याला पन्नासच रुपये वाचतात, आणि आधी भरायचे २,७०० तसेच राहतात. म्हणून कंपनीचा भर व्याजदराहून दोन गोष्टींवर राहिला : मार्जिन मनीसाठी हमी व साहाय्यनिधी, आणि कमाईच्या वेळेशी जुळणारा हप्ता. फेरीवाल्याला महिन्याला ३०० रुपये एकरकमी जड जातात, रोजचे १० रुपये जात नाहीत. भात किंवा सुपारी पिकवणाऱ्याला हप्ता सुगीनंतर सोयीचा. रोज थोडे गोळा करण्याची रीत या भागातील बँकांना परकी नव्हती. सिंडिकेट बँकेची पिग्मी ठेव १९२८ पासून दारोदार जाऊन जमा होत असे.

फेरीवाल्यांसाठी वेगळी मांडणी झाली. एक स्थानिक उद्योजक कर्ज काढून सौरकेंद्र उभारतो, दिवसा बॅटऱ्या भारतो, संध्याकाळी गाड्यांवर पोहोचवतो व भाडे रोजच्या रोज घेतो. बँकेपुढे अनेक फेरीवाल्यांऐवजी एकच कर्जदार राहतो.

सौरकर्ज कार्यक्रम : संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २००३ मध्ये कॅनरा व सिंडिकेट या बँका आणि त्यांच्या ग्रामीण बँका यांच्यासह भारतीय सौरकर्ज कार्यक्रम सुरू केला. सुमारे १२ टक्के व्याजदर प्रथम ५ टक्क्यांवर आणून सवलत टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली. सेल्कोसह निवडक विक्रेत्यांचे संच त्यात होते. कार्यक्रमातून १८ ते २० हजार घरांना कर्जे मिळाली. हे यश सवलतीचे की शाखाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे, याविषयी एकमत नाही.

संकट : २००५ नंतर जर्मनीतील मागणी व सिलिकॉनचा तुटवडा यांमुळे पॅनेलच्या किमती चढल्या व कंपनी तोट्यात गेली. पुढे गुड एनर्जीज, लेमेलसन प्रतिष्ठान व ई प्लस को यांनी भांडवल घातले.

अनुदान : जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानातून (२०१०) नाबार्डमार्फत भांडवली अनुदान आले. त्यामुळे गरिबांना संच परवडतो असा एक पक्ष. अनुदानाची वाट पाहण्यात कर्जाची मागणी थबकते असा दुसरा.

धोरण : रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ मध्ये अपारंपरिक ऊर्जेचा समावेश अग्रक्रम क्षेत्रात केला. वैयक्तिक घरांसाठी मर्यादा १० लाख रुपये.

सन्मान : ॲशडेन पुरस्कार (२००५, २००७). हांडे यांना मॅगसेसे पुरस्कार (२०११).

बँकांची स्थित्यंतरे : मलप्रभा २००५ मध्ये कर्नाटक विकास ग्रामीण बँकेत, सिंडिकेट १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत, विकास ग्रामीण १ मे २०२५ रोजी कर्नाटक ग्रामीण बँकेत विलीन.

अन्य साधने : सेबीने २०२२ मध्ये सामाजिक उपक्रमाची व्याख्या करून सामाजिक शेअर बाजाराचे नियम केले. त्यावर नोंदली गेलेली पहिली संस्था बंगळूरचीच, एसजीबीएस उन्नती फाउंडेशन (डिसेंबर २०२३). तेथील रोख्यांवर व्याज नाही आणि मुद्दलही परत मिळत नाही. त्यामुळे हे साधन कर्जाचे नसून देणगीचे ठरते. सेल्कोच्या ग्राहकाला लागणारे छोटे कर्ज आजही शाखेतूनच मिळते.