लंघनाचं डिटॉक्स कसं झालं

एकादशीला परभणी-गंगाखेडकडच्या घरांत भाकरीचा तवा चुलीवर चढत नाही. भगर शिजते, शेंगदाण्याच्या कुटाची आमटी उकळते आणि ज्वारी डब्यातच राहते. हे कशासाठी, असं विचारलं तर अलीकडे उत्तर येतं की शरीरातली विषारी द्रव्यं निघून जातात, डिटॉक्स होतं. हे उत्तर उपवासाइतकं जुनं नाही आणि त्याच्या घराण्यातलंही नाही. साक्ष भाषेचीच आहे. व्रताचा उपास ‘धरतात’. घरात दाणाच नसला की उपास ‘पडतात’. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्याने ते पाहिले. आणि वैद्याने सांगितलेलं असेल तर ते ‘लंघन’. या तिन्हींत विष कुठेच नाही.

‘लंघ्’ म्हणजे ओलांडणं. पण वैद्यांनी लंघनाचं नातं ‘लघु’शी जोडलं. ज्याने देह हलका होतो ते लंघन. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला बाविसावा अध्याय त्याचे दहा प्रकार सांगतो. वमन, विरेचन, बस्ती, नस्य तर त्यात आहेतच. शिवाय तहान मारणं, वारा, ऊन, पाचक औषधं आणि व्यायामही आहे. उपवास हा दहांतला फक्त एक, आणि तोही रोग्याचं बळ पाहून द्यायचा. यावर कोणी म्हणेल, आयुर्वेदात ‘आमविष’ हा शब्द आहे की! आहे, आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. पण तिथे तो जेवणावर जेवण आणि विरुद्ध आहार करणाऱ्याच्या एका बिकट, उपचारालाही दाद न देणाऱ्या अवस्थेला लावलेला आहे. प्रत्येक धडधाकट माणसाच्या अंगात विष साचलेलं असतं आणि ते महिन्यातून दोनदा धुवावं लागतं, असा त्याचा अर्थ नाही.

व्रताचा उपास तर पोटाच्या हिशेबाचा नव्हताच. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, हा नियम नांगराशी बोलतो, यकृताशी नाही. ‘फलाहार’ झिजून ‘फराळ’ झाला, आणि पुढे दिवाळीच्या चिवड्या-चकल्यांनाही तेच नाव मिळालं. शेंगदाणा, बटाटा, रताळं, मिरची ही सगळी मंडळी अमेरिकेतून आलेली. जुन्या निषेधाच्या यादीत त्यांची नावं असणंच शक्य नव्हतं, म्हणून ती उपासाला चालली. साबुदाणा ज्या कसाव्यापासून होतो तोही तिकडचाच. जनाबाईंच्या गंगाखेडवरून शेगावची पालखी आषाढीला पंढरीकडे जाते, तिच्यातल्या वारकऱ्याचा उपास विठ्ठलासाठी असतो. उपासाच्या ताटाबद्दल लोकांचा गैरसमज कधीच नव्हता. नाहीतर ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण झालीच नसती. गंमत अशी की आहारतज्ज्ञ हल्ली जिचं कौतुक करतात ती ज्वारी नेमकी त्याच दिवशी वर्ज्य. परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८मध्ये लोह-जस्त जास्त असलेलं ‘परभणी शक्ती’ वाण दिलं, तेही एकादशीला बादच. ताटात मात्र निव्वळ पिष्टाचा साबुदाणा.

मग विष आलं कुठून? जर्मनीतल्या लाइपझिगहून. तिथल्या लुई कुन्हे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलं की सगळ्या रोगांचं मूळ एकच, शरीरात साचलेलं विजातीय द्रव्य. उपाय कटिस्नान, वाफ आणि साधा आहार. गांधीजींवर कुन्हेंचा प्रभाव होता. १९४६मध्ये त्यांनी उरुळी कांचनला निसर्गोपचार सुरू केला आणि मणिभाई देसाईंनी तो आश्रम वाढवला. त्या वाटेने ही कल्पना मराठी घरांत आली आणि लंघनाचे जुने कपडे घालून आपलीच वाटू लागली. दवाखान्यात ‘डिटॉक्स’ म्हणजे दारू किंवा अमली पदार्थ सोडवण्याचा उपचार. बाजाराने तोच शब्द काकडी-पुदिन्याच्या पाण्यावर चिकटवला. ओसुमी या पेशीशास्त्रज्ञांना २०१६चं नोबेल पेशींच्या स्वभक्षणावर मिळालं, हा पुरावा आता पुढे केला जातो. ते काम यीस्टवर झालं, आणि पेशी आपलेच झिजलेले भाग कसे मोडून पुन्हा वापरते हे त्यातून कळलं. बाहेरचं विष उपसण्याची गोष्ट ती नव्हे. विष काढण्याचं काम यकृत आणि मूत्रपिंडं एकादशीची वाट न पाहता करतात. उपासानंतर हलकं वाटतं हे खरं, आणि चरकालाही तेवढंच म्हणायचं होतं.

खरं विष उपासाच्या डब्यात सापडतं. एकादशी, नवरात्र आलं की मराठवाड्यात भगरीतून विषबाधेच्या बातम्या येतात. दमट हवेत भगरीवर, विशेषतः तिच्या पिठावर, बुरशी धरते आणि तिची विषं शिजवूनही पुरती जात नाहीत. तेव्हा सुटं पीठ घेऊ नका. पाकीटबंद भगर आणा, तारीख बघा, निवडून स्वच्छ करा आणि लागेल तेवढीच घरी दळा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा.